थेंबअण्णांचं चार मजली कारंजं

"तुमचा विश्वास बसणार नाही!" थेंबअण्णा म्हणाले आणि बाकाच्या मधोमध अशा थाटात बसले, की आधीपासून बसलेल्या दोघांना दोन टोकांना सरकावं लागलं. "मुळीच बसणार नाही! म्हणून मी सांगणारच नव्हतो. पण आता तुम्ही एवढा आग्रह करताय तर..."

आग्रह कोणी केलाच नव्हता. शिंपीकाका आपल्या चष्म्याच्या काडीला दोरा गुंडाळत होते आणि कंपाउंडर हनुवटी छातीला टेकवून डुलकी काढत होते.

"वाळवंटात!" अण्णांनी दोन्ही पंजे पुढे केले. "भर दुपारी! या दोन हातांनी मी कारंजं काढलं! चार मजली!"

"परवा फोनवर तीन मजली होतं," डोळे न उघडता कंपाउंडर म्हणाले.

"परवा मी दमलेलो होतो!"

बाक इमारतीच्या दारातच होता आणि बाकाच्या बरोबर मागे अण्णांच्याच स्वयंपाकघराची खिडकी होती. आतून भांडी घासल्याचा आवाज येत होता. अण्णांनी मान किंचित वळवून कानोसा घेतला. भांडी वाजत होती. मग ते निर्धास्त झाले आणि गोष्ट सुरू झाली.

तर अण्णा म्हणजे पाणीपुरवठा खात्यात पस्तीस वर्षं काढलेला माणूस. देवाने बाकीच्यांना ऐकायला कान दिले, अण्णांना गळती शोधायला दिले. तीन घरं पलीकडे मोरीतला नळ ठिबकला, तरी इकडे अण्णांचा डोळा उघडायचा. कोणाच्या घरी गेले, की "कसे आहात?" विचारण्याआधी "तुमच्या न्हाणीघरातला डावा नळ गळतोय" हे सांगून मोकळे. खात्यात त्यांना थेंबअण्णा म्हणू लागले ते उगीच नाही. निवृत्त होऊन चार वर्षं झाली, पण उजव्या खिशातला पाना आणि डाव्या खिशातले पाच वायसर काही सुटले नव्हते. लोक बाहेर पडताना रुमाल घेतला का बघतात, अण्णा वायसर चाचपतात.

आणि त्यांची बायको म्हणजे बाई. एकतीस वर्षं शाळेत भूगोल शिकवला, त्यामुळे गल्लीपासून दूधवाल्यापर्यंत सगळे त्यांना बाईच म्हणत. पाऊस का पडतो, वारा कुठून येतो, नदी वाकडी का वाहते, सगळं त्यांना तोंडपाठ. फक्त एक सल होता. दरवर्षी सातवीच्या वर्गात त्या फळ्यावर वाळूची टेकडी काढायच्या. बारखाण! चंद्रकोरीसारखी, एका अंगाने सावकाश चढत जाणारी, दुसऱ्या अंगाने एकदम कोसळणारी. आणि दरवर्षी मागच्या बाकावरून कोणीतरी विचारायचंच, "बाई, तुम्ही पाहिलीय का खरी?"

"पुस्तकात आहे," बाई म्हणायच्या. "पान एकोणऐंशी. पुस्तकात बघ."

एकतीस वर्षं हेच उत्तर! खडू झिजले, फळे बदलले, उत्तर तेच. त्यामुळे अण्णांच्या खात्यातला जुना सोबती, ज्याला सगळे पंप म्हणत, तो निवृत्तीनंतर बायकोच्या गुडघ्यांना कोरडी हवा मानवते म्हणून पार वाळवंटातल्या शहरात राहायला गेला आणि "या की एकदा" म्हणून मागे लागला, तेव्हा बाईंनी एकच प्रश्न विचारला.

"भावजी, तिथे बारखाण आहे?"

"वहिनी, इथे दुसरं काहीच नाही!"

झालं! बाईंनी त्याच संध्याकाळी बॅग काढली.

सात दिवसांचा मुक्काम. त्यातले पहिले पाच दिवस अण्णांनी पंपच्या घरातले नळ दुरुस्त करण्यात घालवले. सहाव्या दिवशी शेजाऱ्यांचे. सातवा दिवस उजाडला आणि चहाच्या टेबलावर बाईंनी हात पुढे केला.

"काय?" अण्णा म्हणाले.

"पाना."

"अगं, तो असू दे की. खिशात असला म्हणजे जरा बरं वाटतं."

"पाना!"

एकतीस वर्षं कॉपीच्या चिठ्ठ्या काढून घेतलेला हात तो! अण्णांनी मुकाट्याने पाना दिला. बाईंनी तो पर्समध्ये टाकून चेन ओढली. "उद्या सकाळी आपल्याला परत निघायचं आहे. आज मला टेकडी बघायची आहे. आज एकाही नळाला हात लावायचा नाही. म्हणा, नाही लावणार."

"नळाला हात नाही लावणार," अण्णा म्हणाले.

"आणि हे बघा," पंपने बजावलं, "सकाळी जुनं संग्रहालय बघा, दुपारी मोठ्या बागेत सावलीला बसा. बागेच्या फाटकासमोरून चार वाजता टेकड्यांकडे बस जाते. तीच शेवटची. ती चुकली तर वाळू फक्त माझ्या दारातल्या पायपुसण्यावर बघायला मिळेल!"

"चार म्हणजे पावणेचारलाच उभे राहू," अण्णा छाती फुगवून म्हणाले. "अरे, पस्तीस वर्षं पहाटे साडेचारला पाणी सोडलंय मी. एक मिनिट इकडे-तिकडे नाही!"

पंपने दोघांना गाडीने चौकात सोडलं आणि तो घरी गेला. त्याला दुपारच्या आंघोळीची आत्तापासूनच घाई होती. पंपची आंघोळ म्हणजे दोन तासांचा कार्यक्रम, पण ते पुढे येईलच.

बाई तर पहिल्या पावलापासूनच हरखल्या. सगळ्या गल्ल्या वाकड्या! सरळ गल्ली नाहीच. "वारा अडवायला!" बाई कोपऱ्याकोपऱ्यावर थांबून सांगू लागल्या. दुकानांच्या उंबऱ्यांना जाड कापडाच्या पट्ट्या शिवलेल्या, वाळू आत येऊ नये म्हणून. प्रत्येक दाराशी एक हातझाडू टांगलेला. माणूस आत जाताना आधी स्वतःला झाडून घेतो! बाईंनी तीन दुकानांत काही घ्यायचं नसताना केवळ झाडून घ्यायला मिळावं म्हणून पाय ठेवला. संग्रहालयातल्या पहारेकऱ्याला त्यांनी इतके प्रश्न विचारले, की शेवटी तो बिचारा स्वतःच पाट्या वाचायला लागला.

"काका, या घड्याळात वाळू जात नाही का?"

"जाते, बाई."

"मग?"

"मग दर महिन्याला हे सात मिनिटं मागे पडतं."

"वा!" बाईंनी ते वहीत लिहून घेतलं.

अण्णांचं लक्ष मात्र जमिनीकडे होतं. त्या शहरात प्रत्येक झाडाच्या बुंध्याशी एक काळी नळी आणि त्या नळीतून थेंब, थेंब, थेंब! ठिबक सिंचन अण्णांना ठाऊक होतं, नाही असं नाही. पण ठाऊक असणं वेगळं आणि एका रस्त्यावर दोनशे झाडं आपल्यादेखत गळताना बघणं वेगळं! उपाशी माणसाला मिठाईच्या गल्लीतून हात बांधून फिरवावं, तशी त्यांची गत झाली. डाव्या खिशातले वायसर ते जपमाळेसारखे फिरवत चालत होते.

तीन वाजता दोघं बागेत पोचली. छान मोठी बाग, मधोमध दगडी हौद आणि हौदात उभं एक कारंजं. पण कोरडं! हौदात वाळलेली पानं, एक फाटका चेंडू आणि एकाच पायाची चप्पल. समोर चहाची टपरी, पाचसहा टेबलं, त्यांवर पांढऱ्या चादरी. बाईंनी सावलीतला बाक धरला आणि वहीत घड्याळाचं चित्र काढायला घेतलं.

अण्णा बसले. आणि त्यांच्या कानात आवाज आला.

टिक्. ... टिक्. ... टिक्.

हा ठिबकचा आवाज नव्हता. ठिबकचा आवाज गरीब असतो. हा चांगला पोसलेला, सुखवस्तू, सरकारी गळतीचा आवाज होता! अण्णांची मान आपोआप वळली. झुडपामागे एक चेंबर, झाकण अर्धवट सरकलेलं. आत एक भलामोठा व्हॉल्व्ह आणि त्याच्या मानेतून टपोरे थेंब.

"जरा पाय मोकळे करून येतो," अण्णा म्हणाले.

"नळाला हात नाही!" वहीतून मान वर न काढता बाई म्हणाल्या.

"नाही नाही! नळाला नाहीच!"

आणि ते खोटं नव्हतं हो! नळ म्हणजे नळ आणि व्हॉल्व्ह म्हणजे व्हॉल्व्ह. अण्णा चेंबरशी उकिडवे बसले न बसले तोच मागून आवाज आला.

"आलात एकदाचे, साहेब!"

बागेचा माळी हात जोडून उभा होता. पिकलेल्या मिशा, खांद्यावर फडकं. "तीन महिने अर्ज करतोय, साहेब! गळतंय, गळतंय! मुख्य कचेरीतून मोठे साहेब येणार, येणार, म्हणून रोज फाटकाकडे बघतोय. आज पाय लागले!"

आता इथे अण्णांनी सांगायला हवं होतं, की बाबा, मी तो नव्हे. त्यांनी तोंड उघडलंही होतं. पण साहेब! चार वर्षांत हा शब्द कानांवर पडला नव्हता. घरी 'अहो', गल्लीत 'अण्णा', बँकेत 'नेक्स्ट'! अण्णांचं उघडलेलं तोंड आपोआप म्हणालं, "हूं. चावी आणा."

माळ्याने छातीएवढ्या दांड्याची लोखंडी चावी आणली. अण्णांनी ती व्हॉल्व्हवर बसवली, बाह्या सारल्या आणि पस्तीस वर्षांत हजारो वेळा फिरवली तशी उजवीकडे फिरवली. उजवीकडे बंद, डावीकडे चालू. सूर्य पूर्वेला उगवतो तसं!

थेंबांची धार झाली.

"जुना आहे," अण्णा म्हणाले. "आधी जरा कुरकुरतो. मग ऐकतो." आणि त्यांनी अजून एक आटा आवळला.

धारेचा आवाज बदलला. जमिनीखाली कुठेतरी कोणीतरी घसा खाकरला.

"साहेब..." माळी म्हणाला.

"घाबरू नका! पाणी शेवटची धडपड करतं. मी बघितलंय." अण्णांनी दोन्ही हातांनी चावी धरली, पाय चेंबरच्या काठाला टेकवला आणि सगळा जोर लावून फिरवली. एक आटा, दोन आटे, चार, सहा! जसजसं ते बंद करत गेले तसतसं पाणी वाढत गेलं आणि जसजसं पाणी वाढत गेलं तसतसे ते जास्त बंद करत गेले. असा कर्तव्यदक्ष माणूस त्या व्हॉल्व्हने जन्मात पाहिला नसेल!

मग बागेच्या मधोमध 'फट्' असा आवाज झाला.

पहिल्यांदा हौदातला फाटका चेंडू उडाला. तो टपरीवाल्याच्या उघड्या पातेल्यात पडला. मग चप्पल उडाली, ती कुठे गेली ते अजून कळलेलं नाही. मग गंजाचं तांबडं पाणी भसाभसा आलं आणि टेबलांवरच्या पांढऱ्या चादरी भगव्या झाल्या. आणि मग! मग जे पाणी सुटलं ते एक मजला, दोन मजले, तीन मजले...

"चार," बाकावर कंपाउंडर म्हणाले. त्यांचे डोळे आता उघडे होते.

"चार!" अण्णांनी मान डोलावली. "वर उडणाऱ्या पाखरांनी वळसा घेतला!"

अकरा वर्षं बंद असलेलं कारंजं होतं ते! पाणी वाचवायचं म्हणून कधीकाळी बंद केलेलं. बागेतली माणसं आधी ओरडली, मग पळाली, मग थांबली आणि मग परत आली. बुटांच्या नाड्या सुटल्या. कोपऱ्यातला फोटोवाला कॅमेरा पोटाशी धरून वाकला. कोणी बादली आणली, कोणी घागर. एका आजोबांनी छत्री उघडली, क्षणभर विचार केला आणि परत मिटून खाली ठेवली. बाग भरत चालली. "चालू केलं! कारंजं चालू केलं!" लोक एकमेकांना सांगू लागले. आणि माळी प्रत्येकाला झुडपाकडे बोट दाखवून सांगत होता, "मोठे साहेब आलेत!"

लोकांनी टाळ्या वाजवल्या. डोक्यावरून पाणी निथळत असलेल्या अण्णांना काय करावं सुचेना. त्यांनी हात हलवला. आणि मग चेंबरमध्येच उतरून परत उजवीकडे आवळायला लागले.

इतक्यात छातीच्या खिशातला फोन वाजला.

"अरे थेंब्या!" पंप पलीकडून किंचाळत होता. "पाणी गेलं! पूर्ण इमारतीचं! सबंध पेठेचं! मी साबण लावून उभा आहे!"

"कुठे लावलाय?"

"डोळ्यात! तुझा या कामात हात बसलेला आहे. बाहेरच आहेस, तर काही कळतंय का बघ ना, कुठल्या गाढवाने काय उघडलंय ते!"

"बघतो," अण्णा अगदी बारीक आवाजात म्हणाले. "लगेच बघतो. तू... डोळे मिटून ठेव."

बाई तोवर कारंज्याभोवती दोन फेऱ्या मारून आल्या होत्या. पाणी कोणत्या बाजूला जास्त उडतंय यावरून वाऱ्याची दिशा काढून झाली होती. एका बाईंना घागर कलती धरायला सांगून झालं होतं. मग त्यांनी झुडपामागे डोकावलं. चेंबरमध्ये कमरेपर्यंत आपला नवरा!

"अहो!"

"नळ नाही हा! व्हॉल्व्ह आहे!" अण्णा आधीच ओरडले.

बाईंनी घड्याळ बघितलं. "पावणेचार झाले."

"दोन मिनिटं! जाम झालाय. बंद होत आलाय."

"बंद होत आलाय?" बाईंनी वर चौथ्या मजल्याकडे बघितलं.

दोन मिनिटांची पाच झाली, पाचाची दहा. फाटकाबाहेर बस येऊन उभी राहिलेली दिसत होती. बाईंनी एकदा बसकडे बघितलं, एकदा नवऱ्याकडे. एकट्या जाऊन बसल्या असत्या तर बस मिळाली असती. पण कमरेपर्यंत बुडालेला माणूस सोडून कसं जायचं? त्यांनी पर्समधून चष्मा काढला, पदर खोचला आणि चेंबरच्या काठाशी गुडघे टेकून बसल्या.

"हा बाण कसला?"

"कुठला बाण?"

"व्हॉल्व्हच्या डोक्यावर ओतलाय बघा. आणि बाणापुढे लिहिलंय, 'बंद'. बाण डावीकडे आहे."

"असं कधी नसतं!" अण्णा म्हणाले. "उजवीकडे बंद! सगळ्या जगात!"

"सगळं जग बघितलंय का तुम्ही?" बाई म्हणाल्या. "वर्गात घसा कोरडा करून सांगायचे, नकाशात बोट घालण्याआधी कोपऱ्यातली सूची वाचा! इथले आटे उलटे आहेत, अहो! तुम्ही मघापासून बंद नाही करत. तुम्ही उघडताय!"

अण्णांनी बाणाकडे बघितलं. पस्तीस वर्षांची नोकरी डोळ्यांसमोरून भिजत भिजत निघून गेली.

त्यांनी चावी डावीकडे वळवायला घेतली. हलेना! कशी हलेल? अण्णांनीच आवळली होती आणि अण्णांनी आवळलेलं सोडवणारा अजून जन्माला आलेला नव्हता. त्यांनी वर बघितलं. बाईंनी पर्सची चेन उघडली, पाना काढला आणि नवऱ्याच्या हातात दिला.

पाना चावीला अडकवून अण्णांनी एक हिसका दिला. कर्र! मग एक आटा, दोन, चार, सहा. कारंजं चौथ्या मजल्यावरून तिसऱ्यावर आलं, दुसऱ्यावर आलं, हौदात बसलं आणि एक ढेकर देऊन गप्प झालं. व्हॉल्व्ह पुरता बंद. थेंबसुद्धा नाही.

"अरेरेरे!" सगळी बाग हळहळली.

आणि फाटकाबाहेर बसने हॉर्न वाजवला आणि ती निघून गेली. अण्णा चेंबरमधून बाहेर पडेपर्यंत रस्त्यावर नुसती धूळ उरली होती.

बाई ओल्या बाकावर जाऊन बसल्या. वही मिटली. चष्मा पुसला. चिडल्या असत्या तर बरं झालं असतं. चिडलेल्या बाईंची अण्णांना सवय होती. पण बाई शांतपणे म्हणाल्या, "असू दे. पुस्तकात आहे."

पस्तीस वर्षांत अण्णांनी हजारो गळत्या बंद केल्या होत्या. प्रत्येक वेळी जेवल्यासारखं समाधान वाटायचं. आज पहिल्यांदा त्यांनी बंद व्हॉल्व्हकडे पाठ फिरवली.

"मी टॅक्सी बघतो," ते म्हणाले.

"टेकड्यांकडे टॅक्सीवाले येत नाहीत. भावजींनी सांगितलंय."

"मग मी... मी तुला उचलून..."

"आधी स्वतः चेंबरमधून नीट चढायला शिका."

तेवढ्यात फाटकातून एक माणूस धावत आला. पोट पुढे, फायली काखेत, घामाघूम. बागेचे अधीक्षक! "कोणी चालू केलं? कोणी चालू केलं ते? पेठेच्या टाकीत खडखडाट झालाय! मला तीस फोन आलेत!"

"मोठ्या साहेबांनी," माळी म्हणाला आणि त्याने अण्णांकडे बोट दाखवलं.

अधीक्षकांचा चेहरा क्षणात बदलला. आधी लाल होता, मग पांढरा झाला, मग हसरा. त्यांनी सदऱ्याची वरची गुंडी लावली. "साहेब! आधी कळवलं असतंत तर गाडी पाठवली असती! म्हणजे अचानक तपासणी... दाब बघण्यासाठी... बरोबर, बरोबर! उत्तम दाब आहे ना, साहेब?"

"दाब आहे," अण्णा प्रामाणिकपणे म्हणाले.

"तीन महिने अर्ज पडून होता, ती चूक माझी नाही, साहेब. तो कारकून... बरं, आता आलाच आहात, तर आमची रोपंही बघून घ्या. टेकड्यांच्या पायथ्याला तीनशे रोपं लावलीत, वाळू पुढे सरकू नये म्हणून. आत्ता टँकर निघालाय पाणी घेऊन."

"टेकड्यांच्या?" अण्णा आणि बाई एकदम म्हणाले.

आता मात्र अण्णांच्यातला सज्जन माणूस जागा झाला. "हे बघा, खरं सांगायचं तर मी कोणी साहेब..."

त्यांच्या ओल्या बुटावर एक टाच पडली. जोरात! ज्या बाईंनी खोटं बोलल्याबद्दल एकतीस वर्षं पोरांना वर्गाबाहेर उभं केलं, त्या बाई हसून म्हणाल्या, "साहेब खरं सांगतील हो, आधी पाहणी तर होऊ द्या! पाहणी केल्याशिवाय खरं कसं कळणार?"

टँकरच्या पुढच्या भागात ड्रायव्हर, मध्ये निथळणारे अण्णा आणि खिडकीशी बाई. अण्णांच्या अंगावर आता माळ्याचा कोरडा सदरा होता. तो गुडघ्यांपर्यंत येत होता. बाईंनी टँकरवाल्याला वाटभर सोडलं नाही.

"इथे वारा कुठून येतो?"

"वर्षातले नऊ महिने या अंगाने, ताई."

"आणि टेकडी?"

"चालते की! मी नोकरीला लागलो तेव्हा रस्ता तिकडून होता. टेकडी आली आणि रस्त्यावर बसली. रस्ता इकडे आणला. आता परत निघालीय इकडे."

"चालते!" बाई टाळी वाजवून म्हणाल्या. "अहो, ऐकलंत? खरंच चालते! मी सांगायचे तेव्हा पोरं हसायची."

आणि मग एका वळणावर ती दिसली. उन्हं कलली होती. एका अंगाने सावकाश चढत गेलेली, दुसऱ्या अंगाने सावलीत एकदम कोसळलेली, दोन शिंगं पुढे काढून बसलेली. टँकर थांबायच्या आत बाईंनी दार उघडलं. चपला हातात घेतल्या आणि चालू लागल्या. दोन पावलं वर, एक पाऊल खाली. मध्येच वाकून वाळू मुठीत घ्यायच्या, बोटांतून सोडायच्या, हसायच्या, परत चालायच्या. साठ वर्षांचे गुडघे, पण तक्रार नाही! माथ्यावर पोचल्या आणि त्यांनी खाली वाकून टेकडीच्या धारेवर नुसतं एक बोट टेकवलं. खडूने ओढलेल्या रेघेसारखी धार होती ती. बोट टेकताच पलीकडची वाळू सरसर, सरसर घसरत खाली गेली. खालपर्यंत! बाई बघतच राहिल्या.

अण्णा खाली टँकरपाशी उभे राहून त्यांच्याकडे बघत होते.

इथे अण्णा थांबले. कंपाउंडर आता अगदी ताठ बसले होते.

"मग?" शिंपीकाका म्हणाले.

"मग काय!" अण्णांचा आवाज भरून आला. "मीही चढलो वर. सूर्य असा टेकलेला. सगळी वाळू सोन्याची झालेली. ही माझ्याकडे वळली. हिने माझा हात हातात घेतला. डोळ्यांत पाणी! आणि म्हणाली, 'तुमच्या हातून एवढं सगळं झालं ते बरंच झालं. बस मिळाली असती तर चार लोकांसारखं बघून आलो असतो. आज तुम्ही होतात, म्हणून मी माझी टेकडी पाहिली.' शप्पथ! याच शब्दांत!"

शिंपीकाकांनी दोरा गुंडाळलेला चष्मा काढून डोळे पुसले. कंपाउंडरांनी खाकरून घेतलं. "अण्णा," ते म्हणाले, "कारंज्याचं मला खरं वाटलं नव्हतं. पण ही गोष्ट खरी. अगदी आतून आली."

आणि त्या शांततेत अण्णांच्या लक्षात आलं, की भांडी घासण्याचा आवाज केव्हाच थांबलाय.

मागे खिडकी खाडकन उघडली.

"खोटं!" बाई गरजल्या. "कारंजं खरं! चार मजलीच होतं, मी मोजलंय! भावजींच्या डोळ्यातला साबण खरा, टँकर खरा, माळ्याचा सदरा खरा, तो अजून दोरीवर वाळतोय! पण हे शेवटचं साफ खोटं! हे टेकडीवर चढलेच नाहीत! टँकरच्या तोटीला कान लावून खाली बसले होते. आणि मी वरून एवढंच ओरडले, की 'अहो, तिला हात लावू नका!'"

अण्णांनी डाव्या खिशात हात घातला आणि वायसर फिरवायला लागले.

"लावला?" शिंपीकाकांनी हळूच विचारलं.

"लावला तो लावला," खिडकीतून बाई म्हणाल्या, "आणि परत उजवीकडेच फिरवला!"